गाडी धावते तेव्हा कुठे उभं राहावं

मुंबईचा पश्चिम द्रुतगती मार्ग दहिसरला संपतो आणि तोच रस्ता राष्ट्रीय महामार्ग होऊन काशिमीऱ्यातून मीरा-भाईंदरच्या हद्दीत शिरतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे हा सगळा पट्टा त्यातल्या त्यात मोकळा असतो. नेमका तो मोकळेपणा गाठून द्रुतगती मार्गावर घोडागाड्यांच्या बेकायदा शर्यती लावल्या जातात, आणि हे वर्षानुवर्षं चाललं आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफिती साधारण एकसारख्याच असतात. दोन हलक्या गाड्या, प्रत्येकीला एक घोडा, हातात लगाम घेऊन पुढे झुकलेले दोन हाकणारे आणि त्यांच्या चहूबाजूंनी दुचाकींचा घोळका. हॉर्न वाजतात, शिट्ट्या घुमतात, मागच्या सीटवरचे मोबाइल उंच धरून चित्रण करतात. पुढे गुन्हा दाखल होतो, कधी घोडे ताब्यात घेतले जातात आणि काही महिन्यांनी नवी चित्रफीत येते.

त्या चौकटीत शर्यत लावणारे चार-सहा जणच असतात. बाकी सगळे प्रेक्षक. दुचाकीवरून सोबत पळणारा प्रेक्षक नसेल, तर पहाटेच्या अंधारात डांबरावर घोडा पळवण्यात कुणालाच काही मिळणार नाही. म्हणून गाडीची शर्यत बघावीशी वाटणाऱ्या माणसाने ती कुठे बघायची आणि बघताना कुठे उभं राहायचं, हा प्रश्न क्षुल्लक नाही. बघण्याची हौस मात्र खरी आहे. मीरा रोड-भाईंदरमध्ये सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगाव, अलिबाग अशा भागांतून आलेली कितीतरी घरं आहेत. गावची जत्रा म्हटली की त्यांच्या कानांत आधी शर्यतीच्या मैदानावरचा भोंगाच वाजू लागतो.

रस्त्याचं आणि घोड्याचं वाकडं का, हे समजायला खूर बघावा. घोड्याचा सगळा भार चार खुरांवर असतो आणि खुराखाली लोखंडी नाल. माती किंवा वाळू पाऊल पडताच थोडी दबते आणि धक्का जिरवते. डांबर दबत नाही. भरधाव पळताना प्रत्येक पावलाचा दणका खुरातून सरळ गुडघ्यापर्यंत जातो, आणि पहाटेच्या दवाने ओलसर झालेल्या डांबरावर लोखंडी नाल घसरते. घोडा पडला तर साज आणि गाडीचे दांडे त्याला उठू देत नाहीत. मागून येणाऱ्या ट्रकला थांबायला जागा नसते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन वा जनावर हाकण्याविरुद्धची कलमं हे सगळं इथे लागू होतंच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला घोडा आवडतो त्याला हे बघवायला नको.

या शहराचा घोड्यांशी संबंध आजचा नाही. घोडबंदर गाव आणि तिथला किल्ला मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत येतो. पोर्तुगीज अमलात उल्हास नदीच्या मुखाशी असलेल्या या बंदरात अरबी घोड्यांचा व्यापार चालायचा. चिमाजी अप्पांच्या साष्टी-वसई मोहिमेत, १७३७ मध्ये, हा किल्ला मराठ्यांकडे आला. आता किल्ल्याखालच्या रस्त्यावर ठाण्याकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची रांग असते. शर्यतीचं मैदान या शहरात नाही आणि नजीकच्या काळात होईल असंही दिसत नाही. इमारतींनी आणि मिठागरांनी उरलीसुरली सपाट जमीन कधीच वाटून घेतली आहे. मीरा-भाईंदरकराला गाडीची शर्यत बघायची तर शहराबाहेर जावं लागतं.

जगात घोडागाडीची शर्यत हा अतिशय शिस्तीचा खेळ आहे. तो फ्रान्स, स्वीडन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये खेळला जातो. घोड्यामागे दोन चाकांची, जेमतेम एक माणूस बसेल एवढी हलकी गाडी असते. तिला सल्की म्हणतात. मुख्य नियम असा की घोड्याने चौखूर उधळायचं नाही, दुडक्या चालीतच पळायचं. एका प्रकारात तिरपे पाय जोडीने पडतात, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा एकत्र. दुसऱ्या प्रकारात एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र उचलले जातात. चाल मोडून घोडा उधळला, तर अमेरिकेत हाकणाऱ्याला त्याला आवरून पुन्हा चालीत आणावं लागतं आणि त्या गडबडीत पुढे सरकलेली जागा पदरात पडत नाही. फ्रान्समध्ये तो थेट बाद होऊ शकतो. सुरुवातही बघण्यासारखी असते. एका मोटारीच्या मागे दोन्ही बाजूंना पसरलेली आडवी फाटकं असतात, सगळे घोडे त्या फाटकाला नाक लावून धावत येतात आणि आरंभरेषेशी मोटार वेग वाढवून बाजूला होते.

आपल्याकडे मारवाडी, काठियावाडी आणि सिंधी घोड्यांची रेवाल चाल प्रसिद्ध आहे. पाठीवरच्या स्वाराचं अंग हलू नये इतकी ती सपाट असते. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे अशा चालीचे घोडे पारखणारी माणसं भेटतात. चालीची ही पारख असलेला समाज इथे आहे, घोडे आहेत, हाकणारे आहेत. मैदान आणि नियम मात्र कुणी घालून दिले नाहीत. महामार्गावरच्या शर्यतीमागचं सगळ्यात मोठं दुर्दैव हेच म्हणावं लागेल.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास मराठी कुटुंबं भरपूर आहेत. तिथून ईस्ट रदरफर्डचं मेडोलँड्स मैदान गाडीने तासाभराच्या आत येतं. १९२६ पासून चालत आलेली हॅम्बल्टोनियन ही तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत १९८१ पासून ऑगस्टच्या सुरुवातीला तिथेच होते. पॅरिसला जाणाऱ्यांनी जानेवारीच्या अखेरीचा रविवार साधला, तर व्हँसेनच्या मैदानावर १९२० साली सुरू झालेली प्री दामेरिक बघायला मिळते. तिचं अंतर २,७०० मीटर असतं.

घरापासून जवळ, अधिकृत, घोड्यांची आणि एका लोकलमध्ये गाठता येईल अशी शर्यत हवी असेल, तर महालक्ष्मी. इथे गाडी नसते, घोड्यावर जॉकी असतो. पण शर्यतीची व्यवस्था कशी असते हे शिकायला यासारखी जागा नाही. भाईंदरहून धीम्या लोकलने थेट महालक्ष्मीला उतरता येतं. जलद लोकल तिथे थांबत नाही, दादर किंवा मुंबई सेंट्रलला बदलावी लागते. स्थानकाहून मैदान चालत जाण्यासारखं आहे. १८८३ मध्ये तयार झालेलं हे मैदान मेलबर्नच्या कॉलफील्डच्या धर्तीवर आखलं होतं. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो, पावसाळ्यात शर्यती पुण्याला जातात. इंडियन डर्बी फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी, २,४०० मीटरची. पहिली डर्बी १९४३ मध्ये झाली आणि ती प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली होती. २०२४ मध्ये या जागेपैकी सुमारे १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी देण्याचं ठरलं, शर्यतीचा मार्ग मात्र राहणार आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने धाव सुरू होण्याआधी पॅडॉकपाशी उभं राहावं. घोडे तिथे गोल फिरवले जातात. कुणाची मान ताठ आहे, कोण घामाने निथळतोय, कोण पाऊल जपून टाकतोय हे तिथे दिसतं, टीव्हीवर दिसत नाही. आणि कठड्यांकडे लक्ष द्यावं. आरंभापासून शेवटपर्यंत घोडा आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी आहे, घोडे थांबायला शेवटच्या रेषेपुढे भरपूर मोकळी जागा आहे, सोबत पशुवैद्य आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं आणि परवानाधारक मैदानात तिकीट काढून पैज लावणं कायदेशीर आहे. त्या कुंपणाबाहेर लावलेली पैज हा जुगार ठरतो. मुंबईतली हौसेची व्हिक्टोरिया घोडागाडी उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवली, २०२१ मध्ये तिच्या जागी विजेवर चालणारी गाडी आली. घोडा तोच, शहर तेच. एका ठिकाणी नियम, पैसा आणि देखरेख होती म्हणून तो खेळ टिकला, दुसऱ्या ठिकाणी ती नव्हती म्हणून व्यवसाय गेला.

गाडी, हाकणारा आणि जोडी हे तिन्ही एकत्र बघायचं तर महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतीला पर्याय नाही. तिचा कायदेशीर प्रवास प्रेक्षकाला ठाऊक असावा, कारण मैदानावरची प्रत्येक दोरी त्यातूनच आली आहे. केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये बैलांचा समावेश खेळात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही थांबवल्या. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, तो भीतीने आणि वेदनेने पळतो, असं न्यायालयाचं निरीक्षण होतं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली.

अटी स्पष्ट आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, आयोजकाची अनामत रक्कम, धावेचं अंतर जास्तीत जास्त १,००० मीटर, शर्यतीआधी पशुवैद्यकाची तपासणी. चाबूक, काठी, विजेचा झटका देणारं यंत्र यांना बंदी. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. २०१४ च्या निकालातली चिंता खोटी नव्हती. पराणी टोचणं, शेपूट पिरगळणं, दातांनी चावणं हे प्रकार मैदानावर सर्रास चालायचे आणि जुनी माणसं ते नाकारत नाहीत. या अटी कागदावर राहतात की मैदानावर उतरतात, हे बघायला तिथे प्रेक्षकच हजर असतो.

मीरा-भाईंदरला सगळ्यात जवळचा पट्टा ठाणे-रायगडचा, म्हणजे कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, पनवेल. दादरला गाडी बदलून मध्य रेल्वेने बदलापूरपर्यंत जाता येतं, स्वतःची गाडी असेल तर घोडबंदर रस्त्याने ठाणे गाठून पुढे. या भागात बिनजोड शर्यत लोकप्रिय आहे. एका वेळी दोनच गाड्या आणि थेट सामना. इथले नावाजलेले बैल म्हणजे घराघरांत ओळखीची नावं असतात, मोबाइलवर त्यांची छायाचित्रं, गाडीच्या काचेवर त्यांची नावं. समोरासमोरच्या सामन्यात ईर्ष्याही तितकीच तिखट. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला बैलगाडा शर्यतीच्या वादातून गोळीबारापर्यंत मजल गेली होती. म्हणून घरच्या मंडळींसह जाणाऱ्यांनी जत्रेच्या निमित्ताने गावाने भरवलेली, पोलीस बंदोबस्त असलेली शर्यत निवडावी. दोन गटांत जुंपलेल्या लढतीपासून दूर राहावं.

रायगडात अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी वाळूवर शर्यती होतात. वाळू बैलाच्या खुराला बरी, प्रेक्षकाला मात्र फसवी. किनाऱ्यावर पक्का कठडा नसतो, माणसं चित्रण करायला सरकत सरकत पुढे येतात आणि सुटलेली गाडी वळली की पळायला जागा उरत नाही. किनाऱ्यावर उभं राहायचं तर उंच बाजूला, जमिनीकडे पाठ करून. पाण्याच्या बाजूला कधीच नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूरकडची रीत वेगळी. दोन बैलांचा हलका छकडा, त्यावर एक ड्रायव्हर. होय, तिकडे त्याला ड्रायव्हरच म्हणतात. शेजारी शेजारी आखलेल्या चाकोऱ्यांतून एकाच वेळी बऱ्याच गाड्या सुटतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. बैलाचं वय दातांवरून धरतात. दुधाचे दात असलेला आदत, दोन दात आलेला दुसा, चार दातांचा चौसा, आणि आदत खोंडांची स्पर्धा स्वतंत्र भरते. बक्षिसं आता ढाल-तलवारीवर थांबत नाहीत. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीला पहिलं बक्षीस जेसीबी होतं, २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीला थार.

या बक्षिसांवर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. पण खिलार खोंडाचा दावणीचा हिशेब करून बघावा. ट्रॅक्टर आल्यावर नांगराला बैल लागेनासा झाला. उंच, पांढराशुभ्र, लांब मागे वळलेल्या शिंगांचा खिलार हा मुळात माणदेशातला, कमी पाण्यात आणि कोरड्या चाऱ्यावर तगणारा. शर्यत बंद होती त्या वर्षांत खरसुंडीसारख्या बाजारांत खिलार खोंडाला गिऱ्हाईक मिळणं अवघड झालं, असं पाळणारे सांगतात. शर्यत सुरू झाली आणि पुन्हा गाईच्या पोटी खोंड झाला की घरात आनंद होऊ लागला. बैलाला शेंगदाणा पेंड, उडीद, दूध, अंडी घालणारा मालक आणि त्याच बैलाला पराणी टोचणारा मालक, दोघेही याच मैदानावर असतात. पहिला टिकावा, दुसरा बाहेर जावा, एवढ्यासाठीच नियमांचा आग्रह धरायचा.

सगळ्यांत आगळी रीत पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातली. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर, मावळ. इथे मैदान नसतं, घाट असतो, म्हणजे चढाची, दोन्ही बाजूंनी बांधून काढलेली धाव. एका गाड्याला चार बैल, दोन मागे, दोन पुढे. एका वेळी एकच गाडा सुटतो आणि त्याची शर्यत घड्याळाशी असते. त्या एका धावेला बारी म्हणतात. गाड्यावर कुणी बसत नाही. बैलांच्या पुढे घोडी पळते आणि तिच्यावरचा स्वार चढाच्या टोकापर्यंत वाट काढत नेतो. अलीकडे काही घाटांवर मुलीही घोडीवर दिसू लागल्या आहेत.

घाटावर बघायचं ते खाली, सुटण्याच्या जागी. बैल जुंपायला आठ-दहा माणसं लागतात. वेसण धरलेली, शिंगांना रेटा दिलेली, मागे गाडा दाबून धरलेली. अंगावर भंडारा उधळलेला असतो. मानेभोवतीच्या सापत्या, म्हणजे पट्टे, आवळले की जुवाच्या खुंट्या, म्हणजे शिवळा, तपासतात, कारण एक शिवळ निसटली तर चारी बैल एकमेकांत अडकतात. मग निशाण पडतं, भोंग्यावरून ‘भिर्रर्र’ असा लांबलेला आवाज येतो, सगळे हात एकदम सुटतात. अकरा-बारा सेकंदांत सगळं संपलेलं असतं. निवेदक सेकंद आणि त्याच्या पुढचे अंश वाचून दाखवतो आणि जिंकलेल्या मालकापेक्षा त्याचे गाववालेच जास्त उड्या मारतात. या दहा-बारा सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलामागे राबतात, हे ज्याने खालच्या बाजूला उभं राहून पाहिलं त्याला सांगावं लागत नाही.

जागेची निवड इथे फार महत्त्वाची. घाटाच्या वरच्या टोकाला, जिथे धाव संपते, तिथे कधीही उभं राहू नये. बैल रेषेवर थांबत नाहीत, वेगातच गर्दीत शिरतात. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यावर, बांधावरून मागे सरकून बसलेलं बरं. धावपट्टी ओलांडायची ती फक्त दोन बाऱ्यांच्या मध्ये, निवेदकाने सांगितल्यावर. लहान मूल खांद्यावर घेऊन कठड्यापाशी जाऊ नये. बैलाजवळ छायाचित्र काढायचं तर मालकाला विचारून, समोरून, फ्लॅश न लावता. शिंगाच्या आणि मागच्या पायाच्या टप्प्यात जाऊ नये. ऊन टळटळीत असतं. टोपी, पाण्याची बाटली हवीच, कारण सावली बहुतेक घाटांवर मंडपापुरतीच.

कुणी पराणी टोचताना, झटक्याचं यंत्र लावताना, दारू पाजून बैल जुंपताना दिसला तर आधी आयोजकांच्या पंचांना सांगावं. दखल घेतली नाही, तर हजर असलेल्या पशुवैद्यकाला किंवा पोलिसांना, तेही नसतील तर ११२ वर. चित्रण पुरावा म्हणून उपयोगी पडतं. ते जिल्हा प्रशासनाकडे द्यावं, गटांमध्ये फिरवून प्रसिद्धी मिळवू नये. परवानगीचा आदेश कुठल्या तारखेचा आहे, हे आयोजकांना विचारायला संकोच करायचं कारण नाही. ज्यांच्याकडे तो असतो ते आनंदाने दाखवतात.

मीरा-भाईंदरहून घाटाकडे जायचं तर ठाणे, कल्याण, मुरबाड, माळशेज, ओतूर हा रस्ता सोयीचा. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांपर्यंत चालतो. आंबेगाव तालुक्यातल्या थापलिंगच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला असते आणि तिथला घाट नावाजलेला आहे. खेड तालुक्यात निमगावच्या खंडोबाला बैलगाड्यांची मोठी परंपरा आहे. मुक्काम नारायणगाव किंवा मंचरला केला तर सकाळी लवकर पोहोचता येतं. बाऱ्यांच्या टोकनचे क्रमांक आदल्या दिवशीच निघालेले असतात, त्यामुळे ज्याचा गाडा बघायचा त्याच्या गावात आधी फोन करून बारीची साधारण वेळ विचारून घ्यावी. आधीच्या बाऱ्या लांबल्या तर नावाजलेला गाडा दुपारी येण्याऐवजी दिवेलागणीला येतो आणि परतीचा माळशेज अंधारात उतरावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत त्या घाटात धुकं असतं, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने शेवटच्या बारीचा मोह सोडून चारलाच निघालेलं बरं.